तेताचा नकार

"नो," तेता म्हणाली.

हाना तिच्या पलंगाशी गुडघे टेकून बसली होती. पलंगावर पुठ्ठ्याचं लांबट खोकं उघडं पडलं होतं आणि डांबरगोळ्यांचा वास खोलीभर झाला होता. पाठ करून आणलेलं वाक्य पोरीने पुन्हा म्हटलं, चेकमध्ये, एकेक शब्द सुटा करून : "तेता, शनिवारी हा मी घालू?"

तेताचं डोकं डावीकडून उजवीकडे हललं. "नो," ती म्हणाली. मग जरा जोर लावून, "नो, नो." आणि धड असलेला डावा हात उचलून तिने खोक्याच्या कडेवर दाणकन थाप मारली.

हानाने झाकण लावलं. दोरी बांधली. "बरं, तेता," म्हणाली, आणि म्हातारीच्या कपाळाचा मुका घेऊन खोकं उचलून बाहेर निघाली. एकोणीस वर्षांची पोर, पण दारातून जाताना तिचे खांदे माझ्या आजारी पेशंटांसारखे खाली आले होते.

माझं डोकं सणकलं. मी तेताकडे एकदा चांगलं बघून घेतलं. ती माझ्याकडेच बघत होती आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. मी पांघरूण सारखं केलं, पाण्याचा पेला हाताशी ठेवला आणि बाहेर आले. नर्सची नोकरी अशीच असते. राग आला तरी पांघरूण सारखं करावंच लागतं.

ही गोष्ट नव्याण्णव सालच्या ऑगस्टमधली. आता पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी ती थाप माझ्या कानात आहे.

मी मूळची मिरजेची, कुमुद. नर्सिंग शिकून अमेरिकेत आले ती नेब्रास्का राज्यात. तिथे घोड्यावरून पडून खांदा मोडून घेतलेला एक मक्याचा शेतकरी माझ्या वॉर्डात आला, त्याचं नाव जो कुबात. खांदा सहा आठवड्यांत जुळला, पण हा मनुष्य दर रविवारी तपासायला येतच राहिला. शेवटी लग्न केलं, तेव्हा कुठे त्याचा खांदा दुखायचा थांबला. त्याचं गाव लीपा, वस्ती अकराशे. सगळे शंभर वर्षांपूर्वी बोटीने आलेल्या चेक लोकांचे वंशज. गावात बेकरी, चर्च, धान्याची कोठारं आणि चौफेर मका. पोरगी झाली तेव्हा जोच्या आजीचं नाव ठेवलं, हाना. माझ्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, "हाणा? कुणाला हाणा गं?" आणि पुढे वर्षभर त्याने मला तेच विचारलं.

तेता म्हणजे चेकमध्ये आत्या. रूझेना कुबात ही जोच्या वडिलांची बहीण, बिनलग्नाची. मका पेरणं, डुकरं पाळणं, बेकरीत पहाटे भट्टी पेटवणं, सगळं करून ती सत्त्याऐंशी वर्षांची झाली होती. डिसेंबरात तिला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर इंग्रजीही गेलं. असं होतं कधीकधी, मागून शिकलेली भाषा पुसली जाते आणि आईच्या कडेवर शिकलेली तेवढी राहते. पण तिच्या आईची भाषा गावात आता कुणालाच येत नव्हती. गाणी यायची, पदार्थांची नावं यायची, सण यायचे. बोलणारा शेवटचा म्हातारा तीन वर्षांपूर्वी गेला होता. हाना एका स्पर्धेसाठी पुस्तकावरून थोडं शिकत होती तेवढंच. त्यामुळे तेताच्या तोंडून कधीतरी दोनचार तुटके चेक शब्द यायचे, ते कुणाला कळायचे नाहीत. आणि 'नो' यायचं, ते मात्र सगळ्यांना कळायचं.

डोक्याचा तर उपयोगच नव्हता. तिचं डोकं गेली पंधरा वर्षं कंपाने डावीकडून उजवीकडे हलत होतं. दिवसभर साऱ्या जगाला नकार देत ती बसलेली असायची.

ज्या वृद्धाश्रमात तिला ठेवलं होतं तिथलीच मी मुख्य नर्स. तिच्या पलंगाशी अडकवलेल्या तक्त्यावर नोंदी होत्या : जेवण, नको म्हणतात. अंघोळ, नको म्हणतात. व्हरांड्यात नेऊ का, नको म्हणतात. आठ महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं होतं. पहिली नोंद माझ्या अक्षरात होती.

"मी माघार घेते," गाडीत बसल्या बसल्या हाना म्हणाली.

"वेडी आहेस का? खोकं आपल्या माळ्यावर होतं. तू विचारायला गेली नसतीस तर कुणाला कळणार होतं?"

"मला कळलं असतं."

"अगं, ती काही शनिवारी बघायला येणार नाहीये."

"आई, विचारलं नसतं तर न विचारता घातला असं झालं असतं. आता विचारलंय. ती नाही म्हणाली. आता घातला तर तो चोरलेला होईल."

मीच वाढवलेली पोर.

स्पर्धा साधीसुधी नव्हती. चेक आणि स्लोव्हाक घरांतल्या मुलींची ती राज्यपातळीवरची स्पर्धा होती, आणि त्या वर्षी ती आमच्या लीपात भरणार होती. अकरा मुली. प्रत्येकीने आपली एक कला दाखवायची, परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आपल्या घराण्याचा क्रोय घालून मंचावर यायचं. क्रोय म्हणजे त्यांचा पारंपरिक पोशाख : चुण्यांचा घागरा, भरतकामाचं जाकीट, फुगीर पांढऱ्या बाह्या, डोक्यावर कुमारिकेची फुलं-फितींची वेणी. आणि तो कुठल्या गावचा, कुणी शिवला, कुणाकडून आपल्याकडे आला, हे सांगायचं. कुबातांच्या घरात एकच क्रोय होता. तेताच्या आईने चेक मुलखातल्या मोराविया प्रांतात, आपल्या खेड्यात तो स्वतः भरला आणि १९०९ साली बोटीतून आणला. तेताने तो जपला.

"समितीकडे भाड्याचे आहेत ना," मी म्हटलं.

"भाड्याचा घालून काय सांगू? हा कुणाच्या आजीचा ते मला माहीत नाही, पण इस्त्री छान आहे, असं?" तिने आरशात स्वतःकडे बघितलं. माझा रंग, माझे केस, कुबातांचं नाक. "बाकीच्या दहाजणींना कुणी विचारत नाही गं, तू इथे कशी म्हणून. मला विचारतात. हसून विचारतात, पण विचारतात. मला तेताचं नाव घेऊन सांगायचं होतं, की हा मला तिने दिला."

त्यावर मी गाडी सुरू केली. हाच सगळा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर म्हातारीने एका अक्षरात दिलं होतं.

संध्याकाळी जो मक्यातून आला. त्याला सांगितलं तर बूट काढता काढता म्हणाला, "आजारी आहे गं ती. मनावर घेऊ नका."

"आजारी आता आहे. आपल्या लग्नाच्या वेळी ठणठणीत होती."

जोने दुसरा बूट काढला. ही गोष्ट त्याला ठाऊक होती, कारण एकवीस वर्षांत मी ती त्याला किमान एकवीस वेळा ऐकवली होती. लग्न लागून आम्ही चर्चच्या पायऱ्या उतरत होतो. मी हिरवी पैठणी नेसले होते. खाली जोचे वडील आणि तेता शेजारी शेजारी उभे. सासऱ्यांनी माझ्याकडे बघत चेकमध्ये तिला काहीतरी विचारलं. तिने मला पायाच्या बोटांपासून केसांतल्या गजऱ्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "नो." एवढंच. आणि बेकरीत केक आणायला निघून गेली.

त्या एका शब्दावर मी माझा सगळा संसार बेतला असं म्हणणार नाही, पण तेताशी वागणं बेतलं. सणाला भेट, वाढदिवसाला कार्ड, पक्षाघातानंतर सेवा. कशात म्हणून कसूर नाही. आणि कशात म्हणून जीवही नाही. तिनेही मला कधी नावाने हाक मारली नाही. मला वाटायचं, बरोबरच आहे, तिने पायऱ्यांवरच सांगून टाकलं होतं.

जोचं आणि माझंही सुरुवातीला शब्दांवरून काही कमी झालं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला मी लाडूंचं ताट पुढे करून म्हटलं, "घे ना." या बिचाऱ्याने उचललेला लाडू परत ठेवला. मी पुन्हा म्हटलं, "अरे, घे ना!" तर दोन्ही हात मागे घेऊन बसला. थोडं मराठी तो शिकला होता. 'घे' कळत होतं आणि 'ना' म्हणजे नाही, हेही कळत होतं. घेऊ नको असं ही बाई दोनदा कशाला ओरडतेय, एवढंच कळत नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना सांगून हसवायचो.

तर त्या बुधवारी हानाने अर्जाचा कागद बाहेर काढला आणि माघारीचं पत्र लिहायला बसली. मी म्हटलं, "शुक्रवारपर्यंत थांब. समितीची कचेरी काही पळून जात नाही." का थांब म्हटलं, ते मलाही सांगता आलं नसतं. कदाचित शुक्रवारी पुन्हा एकदा जाऊन म्हातारीला चार शब्द सुनवावेत असं मनात असेल.

गुरुवारी गावात पाहुणे आले. स्पर्धेबरोबर भरणाऱ्या महोत्सवासाठी मोरावियाहून वादकांचा ताफा बोलावला होता आणि एकेक वादक एकेका घरी उतरवला होता. आमच्याकडे ब्लांका आली. तिशीची, उंच, व्हायोलिन वाजवणारी. इंग्रजी बेताचं पण न लाजता बोलायची. हानाने दिवाणखान्यातली माझी बाजाची पेटी उघडून तिला पोल्का नाचाची धून वाजवून दाखवली. मिरजेहून आणलेली पेटी, तिच्यावर चेक पोल्का. हीच हानाची कला होती, स्पर्धेसाठी बसवलेली. ब्लांका ऐकत राहिली, मग व्हायोलिन काढून साथीला उभीच राहिली. दोघींची गट्टी जमली. तरी पोल्का संपल्यावर हाना म्हणाली, "मी भाग घेत नाहीये पण," आणि वर निघून गेली. ब्लांकाने माझ्याकडे बघितलं. मी बटाटे सोलत राहिले.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी स्वयंपाकघरात कॉफी टाकत होते. ब्लांकाने घरी फोन लावायची परवानगी मागितली. फोन भिंतीवर, माझ्यापासून दोन हातांवर. पलीकडे तिची आई असावी, कारण पलीकडून बोलण्याचा धबधबा ऐकू येत होता आणि ब्लांकाला मधूनच एखादा शब्द घुसवता येत होता.

"नो," ब्लांका म्हणाली.

धबधबा.

"नो. नो, नो."

धबधबा.

"नो यो! नो. नो."

मला कसंतरीच झालं. परक्या घरात पाहुणी, आणि सकाळी सकाळी आईशी वाद. तिने फोन ठेवला तेव्हा मी कॉफीचा कप तिच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "घरी काही बिनसलंय का?"

"नाही तर! का?"

"आईला सारखी नाही नाही म्हणत होतीस."

"नाही म्हणत होते?" तिने भुवया वर केल्या. मग कप खाली ठेवून खो खो हसायला लागली. "मिसेस कुबात, नाही नव्हे! आई विचारत होती, पोहोचलीस का नीट, जेवलीस का, लोक चांगले आहेत का. मी हो म्हणत होते."

"हो म्हणजे 'आनो'. हानाच्या पुस्तकात पहिल्या पानावर आहे."

"आनो पुस्तकात. कचेरीत. चर्चमध्ये," ब्लांका म्हणाली. "घरात कोण आनो म्हणतं? घरात नो. आमच्याकडे नाही म्हणायचं तर 'ने'. नो म्हणजे हो. हो ना, हो तर, असंच. आजीच्या तोंडी तर दिवसभर नो, नो, नो."

माझ्या हातात कॉफीचं भांडं होतं. ते मी ओट्यावर ठेवलं, असं मला वाटलं. ते ओट्याच्या अलीकडेच सुटलं. काचा आणि कॉफी जमिनीभर. जो धावत आला, हाना वरून धावत आली.

"काय झालं? भाजलं का?"

"हाना," मी म्हटलं, "तेता हो म्हणाली."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली.

"हो म्हणाली गं. तीनदा म्हणाली. तू खोकं बंद केलंस म्हणून थाप मारली तिने."

ब्लांकाने तिला पुन्हा सगळं सांगितलं. हाना जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली, आणि तिचा चेहरा आधी उजळला आणि मग एकदम पांढरा पडला. ती माझीच मुलगी, माझ्याबरोबर त्याच वृद्धाश्रमात उन्हाळ्याच्या सुट्टीत ताटं वाटायला येणारी.

"आई," ती म्हणाली, "तिचं ताट."

मला ते आधीच सुचलं होतं. काचा फुटण्याच्या आधी.

एकवीस वर्षं ज्या घरात 'घे ना' म्हणून लोकांना खाऊ घातलं, त्या घरातल्या बाईला 'नो' कळू नये? 'ये ना' म्हणजे ये, 'बस ना' म्हणजे बस, हे मी नवऱ्याला शिकवत होते, आणि आठ महिने एक म्हातारी मला 'वाढ ना' म्हणत असताना तिच्यापुढचं ताट उचलत होते. मला माझी इतकी लाज वाटली, की त्या क्षणी कुणी मला नोकरीवरून काढलं असतं तर मी त्याचे आभार मानले असते. पण रडत बसायला वेळ नव्हता. शुक्रवार होता आणि आठ वाजता न्याहारीची ताटं निघतात.

आम्ही चौघं गेलो. मी वाटेत बेकरीत थांबून खसखशीचे गोड पाव घेतले. तेता उशीला टेकून बसली होती, डोकं हलत होतं. ब्लांका पलंगावर तिच्याजवळ बसली आणि चेकमध्ये काहीतरी म्हणाली. साधंच असणार, नमस्कार, मी अमक्या गावची.

तेताचं डोकं हलायचं थांबलं नाही, पण डोळे थांबले. ती ब्लांकाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि बोलायला लागली. शब्द अडखळत होते, जीभ जड होती, लाळ गळत होती, पण बोलत होती. आठ महिन्यांत तिच्या तोंडून मी एवढं ऐकलं नव्हतं. ब्लांका मध्येच "नो, नो," म्हणत होती. आता मला ते ऐकू येत होतं.

"काय म्हणते?" जोने विचारलं.

"आधी विचारते, मी कुठल्या गावची. तिच्या आईचं गाव आमच्यापासून चाळीस किलोमीटर." ब्लांका हानाकडे वळली. "मग म्हणते, त्या पोरीला सांग, मी हो म्हटलं तर खोकं कशाला मिटलंस? क्रोय तुझाच आहे, दुसऱ्या कुणाचा असणार?"

हाना तिच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागली. मिरजेच्या घरात मोठ्यांच्या पाया पडायचं हे तिला मी शिकवलं होतं. तेताला ते काय कळलं कोण जाणे, तिने हात पोरीच्या केसांवर ठेवला.

"आणि?" मी विचारलं. ब्लांका माझ्याकडे बघायचं टाळत होती. "आणि काय म्हणाली? सांग."

"म्हणते... इथे मी हो म्हटलं की ताट उचलतात. मला वाटलं, इथली रीतच तशी असेल. दोन घासांवर थांबवायची."

मी तक्त्यावरून नोंदींचा कागद काढला आणि त्याचे चार तुकडे केले. मग खुर्ची ओढून पलंगाशी बसले आणि पाव मोडून तिच्या तोंडाशी धरला. तिने तो खाल्ला. दुसरा धरला. विचारलं, "अजून?" ती म्हणाली, "नो." मी तिसरा मोडला. तिसरा झाल्यावर मात्र ती स्पष्टपणे "ने" म्हणाली, आणि जीवनात पहिल्यांदा मला तेताचा खरा नकार ऐकायला मिळाला.

त्या दुपारी आमच्या घराचं लग्नघर झालं होतं. क्रोयच्या बाह्या नव्वद वर्षांच्या मानाने धड होत्या, पण मऊ पडल्या होत्या. त्या ताठ फुग्यासारख्या उभ्या राहायला हव्यात असं ब्लांका म्हणाली. मी तांदळाची पेज उकळली आणि आई कॉटनच्या साड्यांना द्यायची तशी खळ दिली. आतून आकार राहावा म्हणून कागद भरायचा असतो. भावाने पाठवलेल्या मेतकुटाच्या पार्सलला गुंडाळलेले सांगली-मिरजेच्या वर्तमानपत्राचे कागद घरात होते, तेच चुरगाळून भरले. शनिवारी हाना मंचावर आली तेव्हा तिच्या उजव्या बाहीत मिरजेच्या नळपाणीपुरवठ्याची बातमी होती.

मंचावर तिने क्रोयबद्दल सांगितलं. गाव, वर्ष, बोट, टाका. शेवटी परीक्षकांतल्या एका बाईंनी हसून विचारलं, "आणि हा तुझ्याकडे कसा आला?"

"माझ्या तेताने दिला," हाना म्हणाली. "मी विचारलं, तर ती नो म्हणाली."

सभागृहात हशा पिकला. पोरगी थांबली, हशा पुरता ओसरू दिला आणि मग त्यांना 'नो' म्हणजे काय ते सांगितलं. ताटाचं मात्र सांगितलं नाही, ते तिने माझ्यासाठी राखून ठेवलं. अकराशे वस्तीच्या त्या गावात, जिथे प्रत्येकाची आजी दिवसभर तो शब्द म्हणत होती, तिथे कितीतरी म्हातारी माणसं एकदम गप्प झाली. पुढच्या रांगेतले एक आजोबा टोपी काढून डोळे पुसत होते. त्यांना कुणाचा 'नो' आठवला असेल, मला माहीत नाही.

हानाचा नंबर दुसरा आला. पहिली आलेली मुलगी चांगली होती, पण तिचा पोल्का तालात नव्हता. हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते.

रविवारी दुपारी तीनला ब्लांकाची बस होती. त्याआधी मी तिला घेऊन पुन्हा तेताकडे गेले. पलंगाच्या वर भिंतीवर हानाच्या मोठ्या अक्षरातला कागद लागला होता : नो म्हणजे हो. तेता जेवत होती. बदकाचं मांस, आंबट कोबी, उकडलेल्या पिठाचे गोळे. डाव्या हाताने सावकाश, पण स्वतः.

"ब्लांका, एक विचारशील?" मी म्हटलं. "माझ्या लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांशी तिच्या भावाने माझ्याकडे बघून तिला काहीतरी विचारलं होतं. आठवतं का तिला?"

ब्लांकाने विचारलं. तेताने तोंडातला घास संपवला, चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. पायाच्या बोटांपासून केसांपर्यंत, तेव्हा बघितलं होतं तसं. मग ती थोडकं बोलली.

"आठवतं म्हणते. तू हिरवं नेसली होतीस," ब्लांका म्हणाली. "भावाने विचारलं होतं, एवढ्या लांबून आलेली ही मुलगी, इथला बर्फ, इथली माणसं. राहील का ही आपल्याकडे? म्हणते, मी त्याला तिथेच सांगून टाकलं, नो."

मी बाईच्या जातीला न शोभेल अशी मोठ्याने हुंदके देत रडले, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. एकवीस हिवाळे. एकवीस हिवाळे ती माझ्या बाजूने बोलून बसली होती आणि मी तिचं नाव विरोधी यादीत लिहून ठेवलं होतं.

तेता माझं रडणं शांतपणे बघत होती. मी तिचा सुरकुतलेला डावा हात दोन्ही हातांत धरला. चेक मला येत नव्हतं आणि इंग्रजी तिला उरलं नव्हतं, म्हणून जे तोंडाला आलं ते माझ्याच भाषेत आलं.

"राहिले ना मी, तेता?"

तिचं डोकं डावीकडून उजवीकडे हलत होतं.

"नो," ती म्हणाली, आणि रिकामं ताट माझ्यापुढे सरकवलं.